दुसरी किल्ली

शाळेने पाठवलेल्या यादीत सोळावी ओळ:
कुलूप एक, किल्ल्या दोन.
एक मुलीपाशी, एक पालकापाशी.

मी सुतार. वुंडान्यीच्या उतारावर माझं दुकान.
दारं केली, शवपेट्या केल्या,
देवळातली पंधरा बाकं माझ्याच हातची.
पत्र्याची पेटी मात्र विकत आणावी लागली, निळी.
झाकणावर पांढऱ्या रंगाने तिचं नाव घातलं: वाकेशो.
'शो' ओघळला. पुसायला गेलो
तर म्हणाली, राहू दे बाबा,
माझीच आहे हे लांबून कळेल.

रविवारी पाळक म्वादिमेंनी
नव्या शाळांना निघालेली मुलं पुढे बोलावली.
नऊजण गेले.
वाकेशो बाकावरच, कडेचा खिळा नखाने टोकरत.
माझाच खिळा, वर आलेला.
पाळकांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं,
मग हात उचलून म्हणाले,
आणि प्रभू, जे बसून आहेत त्यांनाही.
म्घोई हसली. मी तापलो होतो.

जानेवारी. धुक्यात मटाटूच्या टपावर पेटी बांधली.
डोंगर उतरता उतरता धुकं विरलं,
खाली घायपाताची शेतं, तांबडी माती,
मातीनेच तांबडे झालेले हत्ती.
एरवी ती मोजते.
त्या दिवशी मीच मोजले, मोठ्याने, अकरा.
ती म्हणाली, बारा.

फाटकापाशी प्रत्येक पेटी उघडून
बाई गवतावर सामान मांडत होत्या.
साबण, बादली, आईने शिवलेले दोन परकर,
सगळ्या जगासमोर.
शेंगदाण्यांची पुडी काढून घेतली.
मी दुसरीकडे पाहत राहिलो.
मग कुलूप लागलं. खट्.
पालकांनी इथवरच, असं कुणीसं म्हणालं.

किल्ली दोऱ्यात ओवून सदऱ्याच्या खिशात ठेवली.
सकाळी रंधा हातात घेण्याआधी
ती मुठीत धरून म्हणायचो:
प्रभू, बंद आहे ते बंद राहू दे.
कुणाचा हात पडू नये. काही हरवू नये.
असे सहा आठवडे.

म्घोईची प्रार्थना वेगळी. बरीच आखूड.
चूल विझवताना ती नुसतं नाव घ्यायची,
एकदाच,
जेवायला हाक मारावी तसं.
मला वाटायचं, ही काय प्रार्थना झाली!
धाकटा म्वाकियो तिच्या खाटेवर झोपू लागला.
विचारलं तर म्हणे, गार पडेल ना.

मधल्या सुट्टीत आली. वाळलेली, बोलण्यात नवे शब्द.
किमांग्याची दुसरी वाटी पुसून खाल्ली
आणि मग सांगितलं:
किल्ली तिसऱ्याच दिवशी संडासात पडली, बाबा.
कुलूप तोडावं लागलं.
तेव्हापासून पेटी बुटाच्या नाडीने बांधते.

काय काय गेलं?
साबण. एक पेन. पेन परत आलं.

थोड्या वेळाने म्हणाली,
मला ताप होता तेव्हा
पेटीत कुणीतरी अर्धा पाव ठेवला होता,
वहीच्या कागदात गुंडाळून.
कुणी, ते अजून कळलं नाही.
नाडीच होती ना, म्हणून ठेवता आला.

मी काहीच बोललो नाही.
सहा आठवडे मी ज्या कुलपासाठी विनवत होतो
ते केव्हाच तुटलं होतं.
माझी ती विनवणी कुठे जाऊन टेकली असेल,
देव जाणे.

नवं कुलूप आणलं होतं. ते तिने नेलं नाही.
नाडी नवी नेली, लांब.

किल्ली अजून खिशात आहे. दोऱ्याचा रंग उडाला.
रंधा घेण्याआधी हात आपोआप तिथे जातो.
हल्ली काही मागत नाही.
नाव घेतो, एकदाच,
जेवायला हाक मारावी तसं.

म्घोईला हे सांगितलेलं नाही.